ग्रीन हायड्रोजन आणि आमचा एक चौरस सेंटिमीटर

निकेलची_जाळी

मागच्या आठवड्यात गावी लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "काय गं, तुमच्या विद्यापीठात ती पाण्यावर चालणारी गाडी कुठवर आली?" मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून विषय बदलला. परतीच्या एसटीत मात्र ते मनातून जाईना. वर्तमानपत्रात दर आठवड्याला ग्रीन हायड्रोजनचे, म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनचे, मथळे येतात आणि या विषयावर रोज काम करणारी आम्ही माणसं घरच्यांनाही नीट सांगत नाही. म्हणून हा धागा.

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात शिकवते. पीएचडीपासून धरलं तर अकरा वर्षं एकाच कामात आहे: वीज वापरून पाण्याचे दोन वायू वेगळे करणं. दहावीच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन, तेच.

आधी काकांचं उत्तर. पाण्यावर गाडी चालत नाही. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. त्याला पुन्हा जळण्याजोगं करायचं तर वीज ओतावी लागते, आणि जेवढी ओतली त्याहून कमीच परत मिळते. एक किलो हायड्रोजनसाठी ९ लिटर पाणी आणि साधारण २६,६०० अँपिअर-तास एवढा विद्युतभार लागतो. हा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे, त्यात घासाघीस नाही. घासाघीस होते ती व्होल्टेजवर. पुस्तकातलं किमान व्होल्टेज १.२३. त्या हिशोबाने ३३ युनिट विजेत एक किलो व्हायला हवा. प्रत्यक्षात सेलला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे ४८ ते ५३ युनिट, आणि पंप वगैरे वेगळे. मधली जी वीज नुसती उष्णता होऊन जाते, तिच्यासाठी जगभरातल्या विद्यापीठांत हजारो मुलं रात्री जागतात. व्होल्टचा एक दशांश भाग वाचवला तर किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वीज वाचते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. त्याला हे अडीच युनिट गुणून बघा, १,३०० कोटी युनिट होतात. एक दशांश व्होल्ट!

आता आमच्या प्रयोगशाळेबद्दल. टेबलावर काचेचा सेल, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी, त्यात बुडवलेला निकेलच्या जाळीचा एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर आम्ही बसवलेला उत्प्रेरकाचा, म्हणजे क्रिया कमी व्होल्टेजवर घडवून आणणाऱ्या पदार्थाचा, थर. त्यातून चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा, किती जादा व्होल्टेज लागलं ते मोजायचं, चोवीस तास चालवायचं, पेपर लिहायचा. कारखान्यातला अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर, म्हणजे अशाच द्रावणावर चालणारं पाणी फोडायचं यंत्र, याच्या वीस ते चाळीस पट प्रवाहावर चालतो, प्लेटा चौरस मीटरच्या मापाच्या असतात, आणि त्याने ६०,००० तासांहून जास्त टिकावं अशी अपेक्षा असते. आमचे चोवीस तास आणि ते साठ हजार तास यांच्यामध्ये जो प्रदेश आहे, त्यात फार थोडी माणसं काम करतात. मला त्या प्रदेशाबद्दल लिहायचं आहे.

माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. कॅथोडसाठी, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या इलेक्ट्रोडसाठी, मी कोबाल्टचा एक स्वस्त उत्प्रेरक केला होता. तो जितका जास्त चालवावा तितका सुधारत होता. दोन महिने आम्ही आनंदात होतो. मग गाइड म्हणाले, "का सुधारतोय, ते आधी शोध." शोधलं. समोरचा इलेक्ट्रोड, म्हणजे ऑक्सिजन सुटतो तो अ‍ॅनोड, प्लॅटिनमच्या तारेचा होता. ते प्लॅटिनम अ‍ॅनोडवर किंचित किंचित विरघळून आमच्या स्वस्त कॅथोडवर येऊन बसत होतं. म्हणजे आम्ही प्लॅटिनमचंच कौतुक करत होतो. तार काढून कार्बनचा दांडा लावला आणि सगळी सुधारणा नाहीशी झाली. पेपर गेला. पण त्या एका आठवड्यात मी जे शिकले ते त्या पेपरने मला कधी शिकवलं नसतं.

अ‍ॅनोडच्या बाजूलाही असंच घडलेलं आहे, आणि मोठ्या पातळीवर. निकेलचा ऑक्साइड ऑक्सिजन काढायला उत्तम, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की अगदी थोडं लोखंड मिसळलं की निकेलचं काम कितीतरी सुधारतं, आणि ते लोखंड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधल्या अशुद्धीतूनही येऊ शकतं. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या बेट्शर यांच्या गटाने लोखंड पूर्ण काढून टाकलेल्या द्रावणात निकेल तपासलं, तर ते बिचारं सुमारच निघालं. बाटलीवर "शुद्ध" लिहिलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधलं चिमूटभर लोखंड इतकी वर्षं निकेलच्या नावावर काम करत होतं. आज निकेल-लोखंडाची जोडी हा अल्कलाइन अ‍ॅनोडचा मापदंड आहे.

आणि आता हा धागा काढायचं खरं कारण. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमची शंभर तासांची चाचणी चालू होती. ७१ व्या तासाला वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्याही दमल्या. पहाटे विद्यार्थी आला तेव्हा सेल बंद होता. पुन्हा चालू केला तर व्होल्टेजची रेघ आधीच्या जागी येईना, वरच राहिली. नेहमी अशा वेळी आम्ही तुकडा फेकून नवीन लावायचो. या वेळी विचार आला, की सौरऊर्जेवरचा इलेक्ट्रोलायझर तर रोज संध्याकाळी असाच बंद पडणार आहे! ढग आला की अर्धा, सूर्य मावळला की शून्य, सकाळी परत. आमच्याकडे अपघाताने झालेलं ते तिथे वर्षातून ३६५ वेळा होणार. तेव्हापासून आम्ही मुद्दाम वीज घालवतो. टायमर लावला आहे. सेल हजारो वेळा चालू-बंद करायचा आणि जाळीचं काय होतं ते बघायचं, एवढंच आमचं सध्याचं संशोधन.

इथे कारखान्यात काम केलेले बरेच जण आहेत. बंद पडण्याबद्दल तुमचा अनुभव काय? बाकीच्यांनी काहीही विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

---

रात्रपाळी

ताई, वाचून अंगावर काटा आला. मीही याच विषयात जेआरएफ (शिष्यवृत्तीवर पीएचडी करणारा संशोधक) आहे, दुसऱ्या विद्यापीठात. आमच्याकडेही वीज गेली की मुलं पोटेन्शिओस्टॅटकडे, म्हणजे सेलला मोजून वीज देणाऱ्या यंत्राकडे, पळतात.

एक गोष्ट लोकांना कळावी म्हणून लिहितो. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० झाली, चांगलं झालं. पण माझे मागचे सात महिने आलेले नाहीत. घरभाडं मित्राकडून. चाचणी १,००० तासांची लावायची म्हणजे सहा आठवडे एक यंत्र अडकतं, आणि आमच्या विभागात यंत्र एक, मुलं पाच. मग प्रत्येक जण चोवीस तासांचंच करतो. टिकाऊपणाचं काम का होत नाही याचं अर्धं कारण हे आहे.

---

माणदेशी

लेख आवडला. पण मला सरळ विचारायचं आहे. आमच्याकडे टँकर यायचे दिवस आम्ही बघितलेत. पाणी फोडून इंधन करणार, ते पाणी कुणाचं? आटपाडीत जाऊन हे सांगा म्हणजे लोक काय म्हणतील ते कळेल.

---

निकेलची_जाळी

माणदेशी दादा, हा प्रश्न पहिलाच यायला हवा होता. हिशोब मांडते.

५० लाख टन हायड्रोजन गुणिले ९ लिटर म्हणजे साडेचार कोटी घनमीटर पाणी. आपल्या भाषेत सुमारे १.६ टीएमसी. पाणी शुद्ध करताना जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून दुप्पट-तिप्पट करा, साडेतीन-पाच टीएमसी. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं आहे. म्हणजे अख्ख्या देशाच्या लक्ष्याला लागणारं पाणी फार मोठं नाही.

पण तुमचा मुद्दा तेवढ्याने संपत नाही हे मला मान्य आहे. ऊन जिथे जास्त तिथे पाणी कमी, आणि प्रकल्प उन्हाजवळ येणार. देशाची बेरीज लहान असली तरी एका तालुक्यात ती मोठी ठरू शकते. म्हणून जागा ठरवताना तिथल्या पाण्याचा हिशोब ग्रामसभेपुढे यायला हवा, आणि सांडपाणी शुद्ध करून वापरणं हा पर्याय आधी तपासायला हवा. शहरांच्या मैलापाण्यावर प्रक्रिया करून इलेक्ट्रोलायझरला द्यायचं काम विद्यापीठांनी हातात घ्यावं असं मला फार वाटतं.

---

माणदेशी

टीएमसीत सांगितलं म्हणून समजलं. सरकारी कागदात असं का लिहीत नाहीत? ग्रामसभेचा मुद्दा मात्र सोडू नका.

---

दर्याकाठ

आमच्या रत्नागिरीला एवढा समुद्र पडलाय. खाऱ्या पाण्याचंच थेट अपघटन का करत नाहीत? मध्ये कुठेतरी वाचलं होतं की जमलं म्हणून.

---

दक्षिणायन

याचं उत्तर मी देतो, ऑस्ट्रेलियात याच क्षेत्रात आहे.

खाऱ्या पाण्यात मीठ असतं, त्यामुळे अ‍ॅनोडवर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन येऊ लागतो. शिवाय मॅग्नेशियम-कॅल्शियमचा चुनखडीसारखा थर कॅथोडवर बसतो. यावर विद्यापीठांत सुंदर काम झालंय. २०२२ मध्ये चीनमधल्या शेन्झेन विद्यापीठाच्या शिये हेपिंग यांच्या गटाने पाणी न झिरपणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा वापरून समुद्राच्या पाण्यावर ३,२०० तासांहून जास्त सेल चालवला. २०२३ मध्ये इकडे अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या छियाओ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडवर क्रोमियम ऑक्साइडचा थर देऊन अ‍ॅनोडजवळच पाणी अल्कधर्मी राखलं.

पण व्यवहाराचं विचाराल तर समुद्राचं १,००० लिटर पाणी गोडं करायला ३-४ युनिट वीज पुरते. किलोभर हायड्रोजनला दहा लिटर लागलं तर ०.०४ युनिट. त्याच किलोला अपघटनाचे ५० युनिट! चार शतांश युनिट वाचवायला अख्खा सेल गंजवायचा का? आधी गोडं करा, मग फोडा. रत्नागिरीला समुद्राचा फायदा आहेच, पण तो असा दोन पायऱ्यांचा.

धागाकर्त्या ताईंना एक. ज्या चोवीस तास ते साठ हजार तासांच्या प्रदेशाबद्दल लिहिलंत, तो ओलांडायला निघालेलं एक उदाहरण इथे जवळ आहे. वूलनगाँग विद्यापीठात स्वीगर्स यांच्या गटाने इलेक्ट्रोड पाण्यात बुडवायचेच नाहीत असं ठरवलं. दोन्ही इलेक्ट्रोडच्या मधला पडदा दिव्याच्या वातीसारखा खालून द्रावण ओढून घेतो. बुडबुडेच होत नाहीत, आणि इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग झाकला जात नाही. २०२२ चा त्यांचा निष्कर्ष होता किलोला ४०.४ युनिट. त्यातून हायसाटा नावाची कंपनी निघाली. कल्पना वातीची आहे, आपल्या देवघरातली! नवा उत्प्रेरक शोधण्याइतकंच बुडबुड्याचा विचार करणंही संशोधन असतं.

---

स्पष्टवक्ता

माफ करा, पण कुणीतरी म्हणायला हवं. भारतात दरवर्षी जलविघटनावर ढिगाने पेपर निघतात. पदोन्नतीसाठी पेपर, पेपरसाठी निकेलची जाळी. त्यातलं बाजारात काय आलं? आणि गाड्यांसाठी बॅटरी असताना हायड्रोजन हवाच कशाला? वीज घ्या, हायड्रोजन करा, दाबा, टाकीत भरा, परत वीज करा. तीनातले दोन हिस्से वाटेत जातात.

---

निकेलची_जाळी

स्पष्टवक्ते, गाड्यांबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. विजेपासून चाकापर्यंत हायड्रोजनच्या वाटेने एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा पोचते, बॅटरीच्या वाटेने त्याच्या दुपटीहून जास्त. लहान गाडीला बॅटरी हेच उत्तर आहे. लांब पल्ल्याच्या अवजड वाहनांबद्दल मतभेद होऊ शकतात. पण हायड्रोजनचं पहिलं काम गाडी नाहीच. देशात आजही वर्षाला सुमारे ५० लाख टन हायड्रोजन वापरला जातो, तो तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांत, आणि जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूपासून बनतो. त्यात किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये "हरित" म्हणायची मर्यादा किलोला २ किलो ठरवली. हा ९ ते २ चा उतार हे खरं काम.

पेपरांबद्दल जे म्हणालात ते लागलं, कारण त्यात तथ्य आहे. पण चित्र एवढंच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पडद्यांवर आणि इंधनघटांवर (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलवर) वर्षानुवर्षं काम झालं, त्यातून केपीआयटी कंपनीबरोबरची हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. गणपती यादव यांच्या गटाने ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर तांबे-क्लोरीन चक्रावर काम केलं. त्यात पाणी मुख्यतः उष्णतेने फोडतात, साडेपाचशे अंशांच्या आसपास. काशी हिंदू विश्वविद्यालयात ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी धातूत हायड्रोजन साठवण्यावर आयुष्य घातलं आणि त्यावर मोटारसायकली चालवून दाखवल्या, तेही हायड्रोजनला कुणी विचारत नव्हतं त्या काळात. ही सगळी कामं दशकांची आहेत. तीन वर्षांच्या प्रकल्पात बसणारी नव्हेत.

अभियानाच्या १९,७४४ कोटींपैकी संशोधनाला ४०० कोटी आहेत. शंभर रुपयांतले दोन. मला वाटतं यात वाढ व्हावी, आणि वाढीव पैसा नव्या उत्प्रेरकांपेक्षा चाचणीच्या सोयीकडे जावा. विद्यापीठांनी मिळून एक अशी जागा करावी जिथे कुणीही आपला इलेक्ट्रोड आणून ५,००० तास चालवून घेऊ शकेल. तिथे "टिकला नाही" हा निष्कर्षही छापला जावा.

---

वायशेतकर

खत कारखान्यात अमोनियावर काम करतो, म्हणून भर घालतो.

एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन लागतो. लोकांना वाटतं हरित हायड्रोजन आला की युरियाही हरित होईल. पण युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, टनाला ०.७३ टन. आज तो फुकट मिळतो, कारण नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तोच बाहेर पडतो. पाण्यापासून हायड्रोजन केला तर तो कुठून आणायचा? म्हणून हरित अमोनिया आधी डीएपी आणि मिश्रखतांच्या कारखान्यांत जातोय, ज्यांना कार्बन लागत नाही आणि ज्यांचा अमोनिया बराचसा आयातीचा असतो. २०२५ च्या लिलावात पारादीपच्या खत कारखान्यासाठी हरित अमोनियाला किलोमागे ५५.७५ रुपये भाव निघाला, तो यातलाच.

शेतकऱ्याला ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या किमतीमागे किती वायू आयात होतो हे बांधावर दिसत नाही. युरियासाठी कार्बन कुठून, हा प्रश्न विद्यापीठांनी घ्यावा. साखर कारखान्यांच्या इथेनॉल टाक्यांमधून किण्वनाचा जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. तो आणि हरित अमोनिया एका जागी आणता येतील का? मला याचं उत्तर हवंय.

---

ऊसपट्टा

वायशेतकर, आमच्याकडे डिस्टिलरीचा तो वायू काही ठिकाणी पकडून बाटल्यांत भरतात, बाकी सोडून देतात. कल्पना चांगली आहे.

मला बगॅसबद्दल, म्हणजे उसाच्या चोथ्याबद्दल, विचारायचं होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जैवभारापासून (काडीकचरा, लाकूड वगैरे) हायड्रोजन काढतात म्हणे?

---

निकेलची_जाळी

हो. तिथे प्रा. दासाप्पा यांच्या गटाने वाफ आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने जैवभाराचं वायूकरण केलं. एक किलो जैवभारात मुळात ६० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन असतो, पण वाफेतला हायड्रोजनही सुटा होत असल्याने त्यांना १०० ग्रॅम मिळतो. फक्त लक्षात घ्या, गाळपातून आलेल्या बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, वाळवायची उष्णता कुठून तेही बघायला हवं. आणि आज तोच बगॅस सहवीजनिर्मितीत जळतो, म्हणजे तो रिकामा पडलेला नाही. पाचट मात्र शेतात पेटवलं जातं, त्याचा विचार आधी व्हावा.

वायशेतकर, तुमचा प्रश्न मी आमच्या रसायन अभियांत्रिकीच्या मित्रांपुढे ठेवते. एमटेकच्या प्रबंधासाठी याहून चांगला विषय नाही.

---

पुस्तकवेडी

वाचतेय. अवांतर माहिती : १९२३ मध्ये केंब्रिजमधल्या एका व्याख्यानात जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी सांगितलं होतं की कोळसा संपल्यावर पवनचक्क्यांच्या जादा विजेने पाणी फोडून हायड्रोजन साठवावा लागेल. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. शंभर वर्षांनी आपण तिथेच आलोय.

---

सेलघर

मी उशिरा वाचलं. वय ७६. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात ३४ वर्षं सेलघरात काढली. बंद पडण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

आमचा हायड्रोजन उपउत्पादन होता. टनभर कॉस्टिकमागे २५ किलो. सुरुवातीला पाऱ्याचे सेल होते, नंतर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पडदा असलेले आले. पडद्याच्या सेलमध्ये कॅथोड निकेलचा, त्यावर रुथेनियमचा लेप. लेप महाग, आणि तो चालताना खराब व्हायचा नाही. खराब व्हायचा तो बंद पडताना. मुख्य पुरवठा ट्रिप झाला की सेल स्वतःच बॅटरी होतो, प्रवाह उलटा वाहायला लागतो, आणि कॅथोडवरचा लेप ऑक्सिडेशन होऊन सुटतो. म्हणून आमच्याकडे एक छोटा वेगळा रेक्टिफायर, म्हणजे सेलला डीसी वीज देणारं यंत्र, असायचा. मुख्य वीज गेली की तो आपोआप लागायचा आणि सेलमधून अगदी बारीक प्रवाह चालू ठेवायचा. क्लोरीन काढून होईपर्यंत, सेल थंड होईपर्यंत. तुमच्या सौर इलेक्ट्रोलायझरला रात्री असाच आधार लागेल. तो किती लहान चालेल, हे शोधलंत तर मोठं काम होईल. आम्ही कधी शोधलं नाही, पुरवठादाराने सांगितला तेवढा ठेवत गेलो.

दुसरी गोष्ट, अर्ध्या भाराची. प्रवाह कमी केला की वायू कमी तयार होतो, पण पडद्यातून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. म्हणजे ऑक्सिजनमधलं त्याचं प्रमाण वाढतं. ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो. म्हणून २ टक्क्यांना प्लँट बंद. ढगाळ दिवशी तुम्हाला हे भोवणार. पातळ पडद्याने व्होल्टेज वाचतं पण झिरप वाढते, आणि त्यातून सुटका नाही.

आणि पंजाबातल्या नांगलचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खत करणारा कारखाना आपल्या देशात १९६१ ला सुरू झाला होता. त्यातूनच तिथे अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणीही काढलं. पुढे विजेला दुसरीकडे मागणी वाढली, तेल-वायू स्वस्त वाटले, आणि ती वाट सोडली. आज जे नवीन म्हणून येतंय त्याचं सेलघर आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी होतं. ती माणसं आता थोडीच उरली असतील. त्यांना कुणी विचारायला गेलं का?

---

निकेलची_जाळी

काका, तुमचा प्रतिसाद आज सकाळी आमच्या गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला. मुलं गप्प झाली होती.

उलट्या प्रवाहाबद्दल आम्ही पेपरांत वाचलं होतं. छोट्या रेक्टिफायरची गोष्ट मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. आमच्या टायमरमध्ये "बंद" म्हणजे पूर्ण शून्य असं होतं. आजपासून तीन सेल लावतोय. एक पूर्ण बंद होणारा, दुसऱ्यात रात्री पूर्ण प्रवाहाचा शंभरावा भाग, तिसऱ्यात हजारावा. बाकी सगळं सारखं.

झिरपीबद्दल म्हणालात ते अगदी खरं. आजचे पडदे पॉलिसल्फोन आणि झिर्कोनियाचे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे. सगळ्यांना ते पातळ करायचे आहेत. आमचा एक विद्यार्थी त्यावर आहे, त्याला मी सांगितलं, फक्त विजेचा रोध मोजू नकोस, ऑक्सिजनमधला हायड्रोजनही मोज. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणात कोणता वायू किती ते मोजणारं यंत्र, लागेल. शेजारच्या विभागाकडे आहे, मागून बघते.

---

तासगावची_आई

माझा मुलगा एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला याच विषयात पीएचडी करायचीय. रात्रपाळी यांचं वाचून पोटात गोळा आला. सात महिने पैसे नाहीत तर मुलाने राहायचं कसं? हो म्हणू की नको?

---

रात्रपाळी

काकू, खरं सांगतो. गाइड बघून हो म्हणा, विषय बघून नको. त्यांच्याकडच्या जुन्या मुलांना फोन करून विचारा : पैसे वेळेवर मिळाले का, यंत्र मिळालं का, चुकलेला निष्कर्ष सरांना सांगता येतो का. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळवूनच यायला सांगा. आणि वर्षभराच्या खर्चाची सोय घरी असेल तर त्याला ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो लपवत बसणार नाही. मी घरी चार महिने सांगितलं नव्हतं.

काम सोडावंसं मात्र मला एकदाही वाटलं नाही.

---

निकेलची_जाळी

काकू, रात्रपाळीने लिहिलंय त्यात मला काही बदलायचं नाही. एवढंच, की त्याला सुट्टीत एक आठवडा आमच्याकडे पाठवा. जाळी कापणं, आम्लात धुणं, थर देणं, सेल जोडणं, स्वतःच्या हाताने करून बघू दे. सातव्या दिवशी तो स्वतःच सांगेल. व्यक्तिगत निरोप केला आहे.

रात्रपाळी, आमच्याकडे एक जुना आठ चॅनेलचा बॅटरी टेस्टर पडून आहे. १,००० तासांच्या चाचण्यांना तो पुरतो, पोटेन्शिओस्टॅट अडवायची गरज नाही. तुझे तुकडे कुरिअरने पाठव, दोन चॅनेल तुला देते.

---

सेलघर

तीन सेल लावले हे वाचून बरं वाटलं. हजारावा भाग बहुधा कमी पडेल, पण लावाच.

एक राहिलं. आम्ही प्रत्येक शिफ्टला प्रत्येक सेलचं व्होल्टेज हाताने वहीत उतरवायचो. माझ्या स्वतःच्या वह्या मी निवृत्त होताना घरी आणल्या. पोटमाळ्यावर ट्रंकेत आहेत. प्रत्येक शटडाऊनच्या आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज त्यात आहे, बरीच वर्षं सलग. कागद पिवळे पडलेत, पण पेन्सिलीचं आहे, वाचता येतं. तुमच्या मुलांना उपयोग होईल का?

---

निकेलची_जाळी

काका, रविवारी येऊ का? दोन मुलांना आणि स्कॅनर घेऊन येते. ट्रंक तुम्ही काढू नका, आम्ही उतरवतो.